यंत्र मुकं होतं तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



१९९४ सालची गोष्ट आहे. हेलसिंकीच्या एका तरुणाने संगणकासमोर बसून स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित केला. मजकूर जेमतेम एका वाक्याचा. आपलं नाव सांगितलं आणि आपण तयार केलेल्या प्रणालीच्या नावाचा उच्चार आपण कसा करतो ते सांगितलं, बस्स. हा तरुण म्हणजे लिनस टोरवाल्ड्स आणि ती प्रणाली म्हणजे लिनक्स. ती चिमुकली ध्वनिफीत त्याने सगळ्यांसाठी खुली ठेवली. ज्याच्या संगणकावर ती वाजली, त्याला एकदम दोन गोष्टी कळत. एक म्हणजे नावाचा उच्चार, आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची, की आपल्या संगणकातून आवाज येतो आहे! त्या काळी लिनक्सवर आवाज येणं ही काही गृहीत धरण्याची गोष्ट नव्हती.

आज इतक्या वर्षांनी ही प्रणाली कुठल्या कुठे पोहोचली. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन तिच्याच गाभ्यावर चालतो. पण घरच्या संगणकावर लिनक्स वापरणाऱ्यांची एक तक्रार जुनीच आहे. प्रणालीची नवी आवृत्ती घातली, संगणक पुन्हा सुरू केला, सगळं झकपक दिसतं आहे, आणि आवाज मात्र गायब. आजच्या भाषणाचा विषय हाच. हा आवाज जातो कुठे, आणि त्याला परत कसं बोलवायचं?

कवीने या विषयावर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, इंजिनिअर नाही. पण ज्याचं सगळं आयुष्य शब्द कानाने तोलण्यात गेलं, त्याला मुक्या यंत्राची अडचण जरा लवकर समजते. शिवाय आता निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला. घरोघरी चांगले चालते संगणक आहेत, पण ते पुढची आवृत्ती घेऊ शकत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स घालून ती वापरात ठेवण्याचा विचार कित्येकजण करताहेत. त्यांच्यापैकी कुणाला हा अनुभव आला, तर घाबरून जायचं कारण नाही, एवढं सांगायला मी इथे आलो आहे.

आधी आवाज बाहेर येतो कसा ते पाहू. मी मिरजेकडचा. तिथल्या सतारमेकरांच्या दुकानात एखादा तंबोरा दुरुस्तीला आला, की कारागीर काय करतो? तो लगेच भोपळा फोडत नाही. आधी तार छेडून बघतो. मग खुंटी. मग तार जिच्यावरून जाते ती घोडी बघतो, आणि तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवून बघतो. कित्येकदा तेवढ्यानेच तंबोरा बोलू लागतो. तार चांगली, भोपळा चांगला, पण मधला दोरा जागेवर नाही, म्हणून आवाज मेलेला. संगणकाचंही तसंच आहे. आवाजाच्या वाटेवर चार मुक्काम असतात आणि दोष बहुधा मधल्या दोनांत असतो.

पहिला मुक्काम तुमचा प्रोग्रॅम. म्हणजे गाणं वाजवणारा, सिनेमा दाखवणारा किंवा ब्राउझर. दुसरा मुक्काम ध्वनी-सर्व्हर. हा चौकातल्या पोलिसासारखा. गाणं, बातम्या, घंटी असे सगळे आवाज एकत्र करून कुणाला स्पीकरकडे, कुणाला हेडफोनकडे धाडतो. तिसरा मुक्काम ड्रायव्हर. हा प्रणालीच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात तिथे राहतो, आणि यंत्राशी यंत्राच्या भाषेत बोलतो. चौथा मुक्काम म्हणजे साऊंड कार्ड. पूर्वी ते खरोखरच वेगळं कार्ड असे. आता मुख्य बोर्डावरच्या चिपमध्ये सामावलेलं असतं.

आता गंमत बघा. लिनक्समध्ये हे मधले दोन मुक्काम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पुन्हा पुन्हा बदलले. सुरुवातीचे ड्रायव्हर हानू सावोलाइनेन या फिनिश गृहस्थांनी लिहिले. त्या व्यवस्थेचं नाव पुढे ओएसएस पडलं. मग यारोस्लाव्ह कीसेला या चेक तरुणाकडे ग्रॅव्हिस अल्ट्रासाऊंड नावाचं कार्ड होतं. त्याच्यासाठी नीट ड्रायव्हर हवा म्हणून त्यांनी काम सुरू केलं, आणि त्यातून अल्सा ही नवी व्यवस्था उभी राहिली. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ क्रमांकाच्या कर्नेलमध्ये अल्साने ओएसएसची जागा घेतली. ती आजही तिसऱ्या मुक्कामावर आहे.

दुसऱ्या मुक्कामावर, म्हणजे सर्व्हरच्या जागी, लेनार्ट पोटरिंग यांचा पल्सऑडिओ आला. फेडोराने तो २००७ साली स्वीकारला, उबुंटूने एप्रिल २००८ मध्ये. त्या वर्षी किती घरांतले संगणक खरखरले आणि अडखळले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यानंतर विम टायमन्स यांनी पाइपवायर लिहायला घेतला. मूळ हेतू चित्रफितीचा, पण पुढे आवाजाचंही सगळं काम तो करू लागला. २०२१ च्या एप्रिलमध्ये फेडोराने आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटूने आवाजाचं काम त्याच्याकडे सोपवलं. हा नवा कारभारी शहाणा. जुने प्रोग्रॅम त्याच्याशी पल्सऑडिओच्या भाषेत बोलले तरी त्याला कळतं. म्हणून हा बदल पुष्कळांना जाणवलाही नाही. तरीही कारभारी बदलला, की एखाद्या घरचा निरोप वाटेत राहतोच. नव्या आवृत्तीनंतर आवाज जाण्याचं मूळ कारण हे असं आहे. यंत्र बिघडलेलं नसतं, वाट बदललेली असते.

तुमच्या-माझ्यासारख्याला आवाज गेला म्हणजे काय गेलं? दोन दिवस गाणी गेली, नातवाशी व्हिडिओवरचं बोलणं गेलं. चिडचिड होते, पण काम अडत नाही. पण आवाज हाच ज्याचा पडदा आहे, त्याचं काय?

माझ्या ओळखीचे एक निवृत्त संगीतशिक्षक आहेत. लहानपणापासून दृष्टी नाही. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. ते लिनक्स वापरतात. त्यावर ऑर्का नावाचा स्क्रीन-रीडर आहे, म्हणजे पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ग्नोम या डेस्कटॉपबरोबर तो २००६ पासून मिळतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ऑर्काच्या मागे प्रत्यक्ष बोलणारा असतो ईस्पीक एनजी. त्याला मराठीही येतं. आवाज अगदी रुक्ष, यंत्राचाच. पण गुरुजी तो इतक्या वेगात ऐकतात, की आपल्याला नुसतं कुरकुर ऐकू यावं. पत्रं, वर्तमानपत्र, बँकेचा हिशेब, पन्नास वर्षांत जमवलेल्या बंदिशी, सगळं त्या लॅपटॉपमध्ये. ‘माझे डोळे दोनच,’ ते म्हणतात, ‘आणि दोन्ही कानात आहेत.’

२०२१ सालच्या अखेरीस त्यांच्या लॅपटॉपवर प्रणालीची नवी आवृत्ती घातली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन.

‘कविराज, जरा येऊन जा. पंखा फिरताना ऐकू येतोय. बाकी काही नाही.’

मी गेलो. पडदा लख्ख चालू होता. सगळ्या खिडक्या, सगळी चित्रं जागच्या जागी. डोळसाने बघितलं असतं तर म्हणाला असता, काही झालेलं नाही. पण गुरुजींच्या दृष्टीने ते यंत्र बंदच होतं. आपल्याकडे पडदा काळा झाला तर जे होईल ते.

आम्ही मिरजेच्या कारागिराच्या क्रमाने गेलो. आधी सेटिंग्जमध्ये साऊंडचं पान उघडलं. तिथे आवाज कुठून बाहेर काढायचा त्याची यादी असते. एरवी तिथे स्पीकर, हेडफोन अशी नावं दिसतात. इथे एकच नाव होतं: डमी आउटपुट. श्रोतेहो, हे दोन शब्द लक्षात ठेवा. अपग्रेडनंतरच्या मुकेपणात ते फार वेळा भेटतात. अर्थ सरळ आहे. ध्वनी-सर्व्हर जागा आहे, काम करायला तयार आहे, पण त्याला साऊंड कार्डच सापडत नाही. म्हणून त्याने लटकंच एक दार उभं केलं आहे. आवाज तिथे जातो आणि विरून जातो. म्हणजे पहिले दोन मुक्काम ठीक. दोष पुढे.

मग टर्मिनल उघडलं. घाबरू नका, टर्मिनल म्हणजे संगणकाला चित्रांऐवजी शब्दांत हुकूम देण्याची खिडकी. तिथे एलएसपीसीआय हा शब्द टाईप केला, की बोर्डावरच्या चिपांची यादी येते. त्यात ऑडिओची ओळ होती. म्हणजे यंत्र जिवंत होतं. मग दुसरा हुकूम: ए-प्ले हा शब्द जोडून, मग थोडी मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि लहान लिपीतला एल. या हुकमाने ड्रायव्हरला ओळखू आलेली साऊंड कार्डं कळतात. उत्तर आलं: एकही कार्ड नाही. झालं! चिप आहे, पण ड्रायव्हरने तिला हाताशी धरलेलं नाही. दोष तिसऱ्या मुक्कामाचा, हे पाच मिनिटांत नक्की झालं.

इथे गुरुजींनी मला थांबवलं. म्हणाले, ‘खालच्या खणात एक यूएसबीचा हेडफोन आहे बघा. तो लावा.’

साधा, चपट्या पिनेचा हेडफोन. तो लावला, क्षणभर गेला, आणि आतून ऑर्का बोलू लागला. गुरुजींनी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, ‘आता उठा. मी बसतो.’

हे कसं झालं? यूएसबी हेडफोनच्या पोटात त्याचं स्वतःचं छोटंसं साऊंड कार्ड असतं. त्याला बोर्डावरच्या चिपशी काही देणंघेणं नाही, आणि त्याचा ड्रायव्हरही निराळा. म्हणून घरातला मुख्य रस्ता बंद असला, तरी ही पायवाट चालू राहते. गोल पिनेच्या हेडफोनने हे झालं नसतं, कारण तो त्याच मुक्या चिपला जोडलेला.

पुढचं काम गुरुजींनी केलं, मी शेजारी बसून राहिलो. कर्नेल सुरू होताना जे जे करतो त्याची नोंद ठेवतो. डी-मेसेज या हुकमाने ती वाचता येते, त्याचं स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी. बहुतेक प्रणालींवर त्यासाठी आधी मुख्य परवलीचा शब्द द्यावा लागतो. हजारो ओळी असतात. सगळ्या वाचायच्या नसतात; ऑडिओ, साऊंड, फर्मवेअर असे शब्द शोधायचे. गुरुजी ऐकत गेले, ऐकत गेले, आणि एका ओळीवर थांबले. ती ओळ सांगत होती की सॉफ नावाची फर्मवेअर फाइल जागेवर नाही.

त्या ओळीमागची हकिकत सांगण्यासारखी आहे. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत आवाजाच्या चिपजवळ एक छोटा स्वतंत्र प्रक्रियक असतो, त्याला डीएसपी म्हणतात. लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन बऱ्याचदा थेट त्यालाच जोडलेला असतो. जुना कर्नेल या डीएसपीला ओळखतच नव्हता. तो त्याला वळसा घालून, एचडीए नावाच्या जुन्या ड्रायव्हरने स्पीकरपर्यंत पोहोचत असे. २०१८ मध्ये साऊंड ओपन फर्मवेअर, थोडक्यात सॉफ, हा प्रकल्प जाहीर झाला आणि पुढच्या कर्नेलांमध्ये त्याचा ड्रायव्हर आला. नवा कर्नेल यंत्राकडे बघतो. डिजिटल मायक्रोफोन दिसला, की ठरवतो, इथे नवा ड्रायव्हर चालवायचा. पण डीएसपी हा स्वतःची डोकेबाजी घेऊन येत नाही. यंत्र सुरू होताना प्रत्येक वेळी त्याच्यात एक फाइल भरावी लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. ती फाइल डिस्कवर नसेल, तर नवा ड्रायव्हर हात वर करतो. जुना ड्रायव्हर तर आधीच बाजूला झालेला. दोघांच्या मध्ये आवाज अडकतो.

उपाय एका ओळीचा निघाला. प्रणालीच्या भांडारात ती फाइल वेगळ्या कप्प्यात होती. तो कप्पा उघडायचा, सॉफ फर्मवेअरचं पॅकेज घालायचं, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा. गुरुजींनी यूएसबी हेडफोन काढला. स्पीकर बोलला.

आणि आणखी एक गोष्ट घडली. त्या लॅपटॉपचा मायक्रोफोन बिघडलेला आहे असंच सगळे समजत होते. घेतल्यापासून तो कधी चाललाच नव्हता. तो आता चालला. कारण जुना ड्रायव्हर मायक्रोफोनपर्यंत पोहोचतच नव्हता. म्हणजे जुन्या आवृत्तीत ते यंत्र बोलत होतं, पण बहिरं होतं. नव्या आवृत्तीत ते काही काळ मुकं झालं, आणि मग बोलूही लागलं, ऐकूही लागलं. गुरुजींनी ‘सा’ लावला, ध्वनिमुद्रित केला, परत ऐकला आणि म्हणाले, ‘जरा चढलाय.’ तो चढला होता की नव्हता, मला सांगता येणार नाही. त्यांचे कान माझे नाहीत.

आता प्रत्येकाचा दोष हाच असेल असं नाही. म्हणून बाकीची कारणं थोडक्यात सांगतो. ज्यांच्याकडे लिनक्स आहे त्यांनी लिहून घ्यायला हरकत नाही.

सगळ्यात साधं कारण म्हणजे आवाज मुद्दाम बंद केलेला असणं, म्हणजे म्यूट. वरच्या पट्टीवर आवाज शंभर टक्के दिसतो, पण आत ड्रायव्हरच्या पातळीवर एखादी खुंटी उतरलेली असते. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर हा शब्द टाईप करा. उभे खांब दिसतील. ज्या खांबाखाली दोनदा एम असं अक्षर आहे, तो बंद. बाणाने त्याच्यावर जा, कीबोर्डवरचा एम दाबा. तिथे दोन शून्यं आली की तो उघडला. सुरुवातीला खांब सर्व्हरचा दिसत असेल तर एफ-सिक्स दाबून खरं कार्ड निवडा.

दुसरं कारण, आवाज चुकीच्या दाराने बाहेर जाणं. टीव्ही किंवा मॉनिटर जोडण्याची एचडीएमआय ही वाट असते, तिलाही प्रणाली एक स्पीकरच समजते. अपग्रेडनंतर कधीकधी तीच मुख्य ठरते. स्पीकर नसलेल्या मॉनिटरमध्ये गाणं वाजत राहतं आणि आपण इकडे कान टवकारून बसतो. साऊंडच्या पानावर योग्य दार निवडलं, की संपलं.

तिसरं कारण, दोन कारभारी. पल्सऑडिओ गेलेला नाही आणि पाइपवायर आलेला आहे. दोघेही कार्डावर हक्क सांगतात. किंवा पाइपवायर आला, पण त्याच्यासाठी कार्डांची जोडणी करून देणारा वायरप्लंबर नावाचा मदतनीस सुरूच झाला नाही. अशा वेळी एकालाच कामावर ठेवायचं आणि त्याचे मदतनीस चालू आहेत ना ते बघायचं.

चौथं कारण, तुमच्याच खात्यातली जुनी मांडणी. याची परीक्षा सोपी आहे. संगणकावर नव्या नावाने एक खातं उघडा आणि त्यातून प्रवेश करा. तिथे आवाज आला, तर प्रणाली निर्दोष. दोष तुमच्या खात्यात साठलेल्या जुन्या सेटिंगचा. कॉन्फिग नावाच्या लपलेल्या फोल्डरमधली पल्स किंवा पाइपवायरची जुनी मांडणी बाजूला काढून ठेवली, पुन्हा प्रवेश केला, की ती नव्याने तयार होते.

पाचवं कारण मला सगळ्यात शिकवण देणारं वाटतं. पूर्वी कधीतरी आवाजाची अडचण आली होती, तेव्हा कुणीतरी मॉडप्रोब नावाच्या फोल्डरमध्ये एक ओळ लिहून ठेवली: अमका ड्रायव्हर वापरू नकोस, तमकाच वापर. तेव्हा काम झालं. लिहिणारा विसरला, आपणही विसरलो. पण यंत्र विसरत नाही. चार वर्षांनी नवी आवृत्ती आली. ती चांगला ड्रायव्हर घेऊन दारात उभी, आणि आत ती जुनी ओळ म्हणते, याला घेऊ नकोस. गुरुजींच्या यंत्रावरही फाइल न घालता अशी एक ओळ लिहून जुन्या ड्रायव्हरकडे परतता आलं असतं. स्पीकर चालला असता, मायक्रोफोन कायमचा गेला असता. तात्पुरत्या उपायाची ही किंमत असते. म्हणून असा उपाय केलाच, तर तारखेसह वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या अपग्रेडआधी ती वही उघडा.

यातलं नेमकं काय झालंय ते कळत नसेल, तर एक हुकमी परीक्षा आहे. लिनक्सच्या बहुतेक प्रणाली नवा कर्नेल घातला तरी आधीचा लगेच पुसत नाहीत. संगणक सुरू होताना जी यादी येते, तिच्यातल्या अ‍ॅडव्हान्स्ड या पर्यायात जुना कर्नेल मिळतो. तो निवडून बघा. आवाज आला, तर दोष नव्या कर्नेलच्या ड्रायव्हरचा किंवा त्याला न मिळालेल्या फाइलचा. नाही आला, तर वरच्या मुक्कामांवर शोधा. आणि एक पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशाने आला हे कळत नाही. मग पुढच्या वेळी पाचही पुन्हा कराव्या लागतात.

आता जरा मोठ्या गोष्टीकडे येतो. ती फर्मवेअरची फाइल वेगळ्या कप्प्यात का ठेवलेली असते? यामागे तत्त्व आहे. मुक्त प्रणालीवाल्यांचं म्हणणं, जी गोष्ट आम्ही उघडून पाहू शकत नाही, बदलू शकत नाही, ती आमच्या मुख्य भांडारात नको. डेबियन या प्रणालीने हे तत्त्व वर्षानुवर्षं कसोशीने पाळलं. मला त्याचा आदर आहे. पण तत्त्व पाळताना कुणाच्या ताटातला घास जातो, हेही बघावं लागतं. डेबियनची स्थापना करताना संगणक बोलून मार्गदर्शन करू शकतो. सुरुवातीला भोंगा वाजला, की एस दाबून एन्टर करायचं. दृष्टी नसलेला माणूस कुणाच्या मदतीशिवाय संपूर्ण प्रणाली घालू शकतो. केवढी मोठी गोष्ट! पण त्या यंत्राच्या आवाजालाच फर्मवेअर लागत असेल आणि ते वेगळ्या कप्प्यात असेल, तर? बोलणारा बोलायला तयार, पण त्याच्या घशात आवाज नाही.

२०२२ साली डेबियनच्या स्वयंसेवक सदस्यांनी या प्रश्नावर मतदान घेतलं. ठरलं असं, की फर्मवेअरसाठी वेगळा, स्पष्ट नावाचा कप्पा करायचा, आणि गरज असेल तर तो स्थापनेच्या वेळीच हाताशी ठेवायचा. ज्याला नको त्याला तो बंद करता येईल. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे लागू झालं. तत्त्व मोडलं नाही, माणूसही अडला नाही. मला हा निर्णय एखाद्या शहाण्या पंचायतीच्या निवाड्यासारखा वाटतो. जे जुन्या आवृत्तीवरून बाराव्या आवृत्तीवर आले, त्यांना मात्र तो नवा कप्पा आपल्या यादीत हाताने जोडावा लागला. अपग्रेडपूर्वीच्या सूचना वाचायच्या असतात, त्या यासाठी.

शेवटी, ज्यांच्या घरात किंवा शेजारी दृष्टी नसलेलं कुणी संगणक वापरत असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, एक यूएसबी हेडफोन त्या यंत्राजवळ कायम ठेवा. फार महाग नसतो. तो रोज वापरायची गरज नाही. पण अडीच्या वेळी तो काठीचं काम करतो.

दुसरी, अपग्रेडच्या आधी नवी आवृत्ती पेनड्राइव्हवरून चालवून बघा. डिस्कला हात न लावता ती चालते. तिथे स्पीकर बोलतो का, मायक्रोफोन ऐकतो का, आणि सुपर, ऑल्ट व एस ही तीन बटणं एकदम दाबली की ऑर्का सुरू होतो का, एवढं तपासा. बोललं तर पुढे जा.

तिसरी, सुरुवातीच्या यादीत जुना कर्नेल कितव्या ओळीवर आहे ते मोजून त्यांना सांगून ठेवा. ती यादी बोलत नाही. पण बाण दोनदा खाली, एन्टर, पुन्हा दोनदा खाली, एन्टर, असं पाठ असलं की माणूस एकटा असतानाही मार्ग काढू शकतो.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. यंत्र त्यांचं आहे. अपग्रेड कधी करायचं हे त्यांनाच विचारा. परीक्षेच्या आदल्या दिवशी, पेन्शनच्या कागदपत्रांच्या आठवड्यात, ‘चांगलं होईल तुमचं’ म्हणून परस्पर बटण दाबू नका. आणि आवाज परत आला, की खुर्चीतून उठा. उरलेलं काम त्यांना करू द्या.

आवाज ही वस्तू अशी आहे, की असते तेव्हा तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. कवितेतही तेच, प्रणालीतही तेच. कुणीतरी अनोळखी माणसं, हेलसिंकीत, प्रागमध्ये, कुठल्या कुठे, ड्रायव्हरची एकेक ओळ लिहीत असतात, दुसऱ्याची चूक दुरुस्त करत असतात, फाइल कुठल्या कप्प्यात ठेवायची यावर महिनोन्महिने वाद घालत असतात. त्यातल्या बहुतेकांची नावं आपल्याला कळत नाहीत. पण आपल्याकडच्या एखाद्या खोलीत रात्री कुणीतरी पडदा न पाहता वर्तमानपत्र वाचत असतं, तेव्हा ते वाचन त्या सगळ्यांच्या हातून झालेलं असतं.